औषधांच्या प्रतिकूल प्रतिक्रिया आणि औषध-सुरक्षितता : रुग्णसेवा अभ्यासक्रमांच्या संदर्भात

सारांश : औषधाची प्रतिकूल प्रतिक्रिया ही वैद्यकशास्त्रातील अपवादात्मक घटना नसून रुग्णसेवेतील नित्याची बाब आहे. तिची पहिली चाहूल डॉक्टरांपेक्षा रुग्णाच्या जवळ असणाऱ्या व्यक्तीला लागते. कम्युनिटी कॉलेजांतून तयार होणारे रुग्ण-सहायक, गृह-परिचारक आणि औषध दुकानातील मदतनीस हे या जवळच्या व्यक्तींपैकी होत. औषधातील दोष, औषध देण्यातील चूक आणि औषधाची प्रतिक्रिया यांतील भेद, प्रतिक्रियांचे प्रकार, भारतातील नोंदणी व्यवस्था आणि या विषयाचे अध्यापन यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बीजसंज्ञा : प्रतिकूल प्रतिक्रिया, औषधसतर्कता, औषधचूक, रुग्ण-सहायक, नोंद.

१. प्रस्तावना

रुग्णसेवेच्या अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांत रुग्णाला अंघोळ घालणे, अंथरूण बदलणे, नाडी व रक्तदाब पाहणे, जखमेची पट्टी बदलणे इत्यादी कौशल्ये तपशिलाने शिकवली जातात. औषधांच्या बाबतीत मात्र 'डॉक्टरांनी सांगितलेले औषध वेळेवर द्यावे' या एका वाक्यावर विषय संपतो. औषध ठरवणे हे डॉक्टरांचे काम असल्याने त्याविषयी अधिक शिकवण्याची गरज नाही, अशी समजूत यामागे असते. ही समजूत अर्धीच खरी आहे. औषध ठरवण्याचा अधिकार रुग्ण-सहायकाला नाही हे योग्यच आहे. परंतु गोळी रुग्णाच्या हातात पडते तेव्हा आणि त्यानंतरच्या चोवीस तासांत रुग्णाच्या उशाशी डॉक्टर नसतात. तेथे सहायक असतो किंवा घरातील माणूस असतो.

प्रश्न किती मोठा आहे याची कल्पना येण्यासाठी इंग्लंडमधील एका अभ्यासाचा दाखला उपयुक्त ठरेल. लिव्हरपूल परिसरातील दोन रुग्णालयांत दाखल झालेल्या १८,८२० रुग्णांचा हा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १,२२५ रुग्णांचे, म्हणजे ६.५ टक्के रुग्णांचे, दाखल होणे औषधाच्या प्रतिकूल प्रतिक्रियेशी निगडित होते. यातील सुमारे ७२ टक्के प्रतिक्रिया टाळता येण्याजोग्या होत्या, असे अभ्यासकांचे मत पडले. कारणीभूत औषधे कोणतीही दुर्मीळ नव्हती. अल्प मात्रेतील ॲस्पिरिन, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन आणि स्टेरॉइड नसलेली वेदनाशामके ही त्यांतील प्रमुख होती. मधुमेह, रक्तदाब किंवा सांधेदुखीचा रुग्ण असलेल्या घरांत यांपैकी एखादे औषध सहज सापडते.

२. तीन भिन्न संकल्पना

औषधामुळे अपाय झाला असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा त्यात तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. अध्यापनाचा आरंभ हा भेद स्पष्ट करण्यापासून व्हावा.

(अ) औषधातील दोष : येथे औषधच सदोष किंवा दूषित असते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली डायएथिलिन ग्लायकॉल या विषारी रसायनाने दूषित झालेले ग्लिसरॉल दिले गेल्याने १४ रुग्ण दगावले आणि त्याच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती लेंटिन आयोग नेमला गेला. हेच रसायन २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात लहान मुलांच्या खोकल्याच्या सिरपमध्ये आढळले आणि त्यात अनेक बालकांचे प्राण गेले. अशा घटनांचा उपाय उत्पादन, तपासणी व परवाने यांत शोधावा लागतो.

(आ) औषधचूक : येथे औषध चांगले असते, पण ते लिहिताना, देताना किंवा घेताना चूक होते. चुकीचे औषध, चुकीची मात्रा, चुकीची वेळ, चुकीचा मार्ग किंवा चुकीचा रुग्ण असे तिचे प्रकार होत. हिचा उपाय कामाच्या पद्धतीत असतो.

(इ) प्रतिकूल प्रतिक्रिया : येथे औषधही योग्य असते आणि मात्राही नेहमीची असते, तरीही शरीराला अपाय होतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९७२ साली केलेल्या व्याख्येचा आशय असा, की रोगप्रतिबंध, निदान किंवा उपचार यांसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या मात्रेत औषध दिले असता होणारा अपायकारक व हेतू नसलेला परिणाम म्हणजे प्रतिकूल प्रतिक्रिया. येथे कोणाचाही दोष असेलच असे नाही.

हा शेवटचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. प्रतिक्रिया सांगितली तर कोणावर तरी ठपका येईल, या भीतीने ती लपवली जाते. प्रतिक्रिया आणि चूक यांतील भेद विद्यार्थ्याच्या मनात पक्का असेल तर ही भीती बरीचशी कमी होते.

३. प्रतिक्रियांचे प्रकार

प्रतिकूल प्रतिक्रियांचे दोन मुख्य वर्ग मानले जातात. पहिल्या वर्गातील प्रतिक्रिया औषधाच्या मूळ गुणधर्माचाच अतिरेक असतात. इन्सुलिन रक्तातील साखर कमी करते. ती फार कमी झाली की घाम, कंप, भ्रम आणि बेशुद्धी येते. वॉरफरिन रक्त गोठू देत नाही. परिणाम जास्त झाला की हिरड्यांतून किंवा लघवीवाटे रक्त जाते. या प्रतिक्रिया मात्रेवर अवलंबून असतात, त्यांचा अंदाज आधी बांधता येतो आणि बहुतेक वेळा त्या टाळताही येतात. प्रतिक्रियांत त्यांचेच प्रमाण अधिक असते.

दुसऱ्या वर्गातील प्रतिक्रिया औषधाच्या मूळ गुणधर्मावरून सांगता येत नाहीत. पेनिसिलिनच्या इंजेक्शननंतर काही मिनिटांत श्वास कोंडणे व रक्तदाब एकदम खाली जाणे हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. अपस्मारावर दिल्या जाणाऱ्या कार्बामाझेपिनमुळे काही व्यक्तींची कातडी भाजल्याप्रमाणे सोलवटते आणि तोंड व डोळे यांच्या आतल्या त्वचेवर फोड येतात. 'स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम' या नावाने ओळखली जाणारी ही प्रतिक्रिया विरळ असली तरी जिवावर बेतणारी आहे. भारतासह आशियातील काही लोकसमूहांत एका विशिष्ट आनुवंशिक घटकाशी तिचा संबंध आढळला आहे.

याशिवाय काही परिणाम दिसायला भयंकर पण निरुपद्रवी असतात. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन घेणाऱ्या रुग्णाच्या लघवीला नारिंगी-लाल रंग येतो. लोहाच्या गोळ्यांनी शौचास काळे होते. हे आधी सांगितलेले नसेल तर रुग्ण घाबरून औषध सोडतो, आणि क्षयरोगात अर्धवट सोडलेले औषध रोगाला चिवट बनवते. उलट क्षयरोगाचीच औषधे घेताना भूक मरणे, उलट्या आणि डोळे पिवळे होणे ही यकृताला इजा झाल्याची चिन्हे असू शकतात व तेथे दिरंगाई चालत नाही. वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्या रुग्णाला डांबरासारखे काळे, चिकट व दुर्गंधीयुक्त शौचास होणे हे जठरातील रक्तस्रावाचे लक्षण असू शकते. रंग सारखाच दिसला तरी औषध कोणते आहे यावर त्याचा अर्थ ठरतो. म्हणून काय दिसले याबरोबरच रुग्ण काय घेत आहे हे माहीत असणे आवश्यक आहे.

४. चाचण्यांत न दिसणारे धोके

औषध बाजारात येण्यापूर्वी त्याच्या चाचण्या होतात, मग असे धोके तेव्हाच का कळत नाहीत, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. त्याचे उत्तर साध्या गणितात आहे. एखादी प्रतिक्रिया १०,००० माणसांत एकाला होत असेल, तर ती निदान एकदा तरी दिसण्याची ९५ टक्के खात्री हवी असल्यास सुमारे ३०,००० माणसांना ते औषध द्यावे लागते. बहुतेक चाचण्यांत माणसांची संख्या काही शेकडे ते काही हजार असते. शिवाय त्यांत गर्भवती स्त्रिया, अतिवृद्ध आणि एकाच वेळी चार-पाच औषधे घेणारे रुग्ण क्वचितच असतात. प्रत्यक्षात मात्र औषध याच लोकांपर्यंत पोहोचते.

थॅलिडोमाइडचा इतिहास हेच सांगतो. झोपेचे व मळमळीवरील सुरक्षित औषध म्हणून ते १९५७ साली पश्चिम जर्मनीत विक्रीस आले. गर्भारपणाच्या पहिल्या महिन्यांत ते घेतलेल्या स्त्रियांना हातपाय खुंटलेली मुले झाली. जगभरात अशा बालकांची संख्या १०,००० च्या वर गेल्याचे मानले जाते. १९६१ साली हॅम्बुर्गमधील बालरोगतज्ज्ञ विडुकिंड लेन्झ आणि सिडनीतील प्रसूतितज्ज्ञ विल्यम मॅकब्राइड यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे हा संबंध लक्षात आणून दिला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पश्चिम जर्मनीत औषध मागे घेण्यात आले. तोवर चार वर्षे उलटली होती. अमेरिकेत मात्र अन्न व औषध प्रशासनातील फ्रान्सिस केल्सी यांनी सुरक्षिततेचा पुरेसा पुरावा नाही म्हणून परवानगी रोखून धरली होती.

या घटनेतून घेण्याचा बोध असा, की विखुरलेली निरीक्षणे एकत्र येत नाहीत तोवर धोका दिसत नाही. एका प्रसूतिगृहात असे एक बालक जन्मले तर तो दैवाचा भाग समजला जातो. शंभर ठिकाणच्या नोंदी एका जागी आल्या की कारण कळू लागते. याच जाणिवेतून ब्रिटनने १९६४ साली 'यलो कार्ड' ही नोंदपद्धती सुरू केली, १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि १९७८ पासून त्याचे केंद्र स्वीडनमधील उप्साला येथे आहे.

५. भारतातील औषधसतर्कता व्यवस्था

प्रतिकूल प्रतिक्रिया शोधणे, त्यांचे मूल्यमापन करणे, त्या समजून घेणे आणि टाळणे या कार्याला फार्माकोव्हिजिलन्स म्हणजे औषधसतर्कता असे म्हणतात. भारतात १९८६ साली बारा प्रादेशिक केंद्रांची योजना आखली गेली, परंतु ती फारशी वाढली नाही. २००४ च्या अखेरीस राष्ट्रीय कार्यक्रमाचा दुसरा प्रयत्न झाला. जुलै २०१० मध्ये सध्याचा भारतीय औषधसतर्कता कार्यक्रम सुरू झाला. आरंभी त्याचे समन्वय केंद्र दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत होते. एप्रिल २०११ मध्ये ते गाझियाबाद येथील भारतीय भेषज संहिता आयोगाकडे आले. देशभरातील अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत व रुग्णालयांत कार्यक्रमाची निरीक्षण केंद्रे आहेत. तेथे जमा झालेल्या नोंदी आयोगाकडे आणि पुढे उप्सालाच्या जागतिक संग्रहात जातात.

या नोंदींचा उपयोग होतो का, याचे एक अलीकडील उदाहरण देता येईल. मेफेनॅमिक ॲसिड हे मासिक पाळीतील वेदना आणि ताप यांवर सर्रास घेतले जाणारे औषध आहे. नोंदींच्या विश्लेषणानंतर नोव्हेंबर २०२३ मध्ये आयोगाने या औषधाबाबत सावधगिरीची सूचना प्रसृत केली. या औषधामुळे काही व्यक्तींना ताप, अंगावर पुरळ, गाठी सुजणे आणि अंतर्गत अवयवांना इजा अशी गंभीर प्रतिक्रिया होऊ शकते, असे तीत म्हटले होते. ही प्रतिक्रिया औषध सुरू केल्यावर साधारणतः दोन ते आठ आठवड्यांत दिसते. इतक्या दिवसांनंतर आलेल्या पुरळाचा संबंध जुन्या गोळीशी जोडला जाण्यासाठी कोणीतरी 'मागच्या दोन महिन्यांत काय काय घेतले?' असे विचारावे लागते. हा प्रश्न विचारायला वैद्यकीय पदवीची गरज नाही.

व्यवस्थेची मोठी उणीव म्हणजे न होणाऱ्या नोंदी. विविध देशांतील अभ्यासांचा एक आढावा २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार न नोंदल्या गेलेल्या प्रतिक्रियांचे मध्यक प्रमाण ९४ टक्के इतके होते. म्हणजे शंभरांतील सहा प्रतिक्रियाच कागदावर येतात. वेळ नसणे, फॉर्म कोठे मिळतो हे ठाऊक नसणे, 'हे तर सर्वांना माहीतच आहे' असे वाटणे, खात्री नसताना कसे लिहावे हा संकोच आणि ठपक्याची भीती ही त्याची कारणे होत.

६. घरात व वॉर्डात होणाऱ्या चुका

प्रतिक्रिया पूर्णपणे टाळता येत नसल्या तरी औषधचुका बऱ्याच अंशी टाळता येतात. विद्यार्थ्यांना सूत्रे पाठ करायला लावण्यापेक्षा पुढील उदाहरणे वर्गात मांडणे अधिक परिणामकारक ठरेल.

इन्सुलिनची सिरिंज : भारतात इन्सुलिनच्या बाटल्या प्रामुख्याने दर मिलिलिटरला ४० युनिट या तीव्रतेच्या मिळतात, तर पेनमधील इन्सुलिन १०० युनिटचे असते, १०० युनिटच्या बाटल्याही मिळतात. सिरिंजही दोन प्रकारच्या असतात. ४० ची लाल टोपणाची आणि १०० ची नारिंगी टोपणाची. १०० युनिट तीव्रतेचे इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरले तर अर्धा मिलिलिटर द्रव येतो आणि रुग्णाला २० ऐवजी ५० युनिट मिळतात. उलट अदलाबदल झाली तर २० ऐवजी केवळ ८ युनिट मिळतात. बाटलीवरील आकडा आणि सिरिंजवरील आकडा जुळवणे हे कोणताही सहायक करू शकतो.

आठवड्याची गोळी रोज : सांधेवात व सोरायसिस या विकारांत मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. सवयीने ते रोज घेतले गेले तर तोंडात फोड येतात, रक्तातील पेशी घटतात आणि मृत्यूही ओढवू शकतो. कोणत्या वारी गोळी घ्यायची हे पाकिटावर रुग्णाच्या भाषेत लिहून ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

थेंब आणि सिरप : लहान मुलांसाठी मिळणाऱ्या पॅरासिटामॉलच्या थेंबांत बहुधा दर मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असते, तर नेहमीच्या सिरपमध्ये दर ५ मिलिलिटरला १२५, म्हणजे दर मिलिलिटरला २५ मिलिग्रॅम. सिरपच्या मापाने थेंब पाजले तर मात्रा चौपट होते. मोठ्या माणसांतही तापाची गोळी आणि सर्दीची गोळी या दोहोंत पॅरासिटामॉल असल्याने नकळत दुप्पट मात्रा जाते. अतिमात्रेने यकृताला गंभीर इजा होते.

औषधावर औषध : रक्तदाबासाठी एनालाप्रिलसारखे औषध घेणाऱ्या काही रुग्णांना सतत कोरडा खोकला लागतो. तो औषधाचा परिणाम आहे हे न कळल्याने खोकल्याचे सिरप आणले जाते, सिरपने गुंगी येते आणि वृद्ध रुग्ण पडतो. ॲम्लोडिपिनने घोट्यांवर सूज येऊ शकते. तिच्यावर पुन्हा लघवीची गोळी सुरू होते. नवे लक्षण दिसले की 'हे नव्या औषधाने तर नाही?' हा प्रश्न प्रथम यावा.

उपवास आणि औषधाची वेळ : रमजानचे रोजे असोत, नवरात्र असो वा एकादशी, जेवणाची वेळ बदलली की औषधाचा परिणामही बदलतो. इन्सुलिन किंवा ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्या मधुमेही व्यक्तीने नेहमीचीच मात्रा घेऊन उपवास केला तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. उपवास सुरू होण्याच्या काही आठवडे आधी डॉक्टरांना भेटून वेळ व मात्रा ठरवून घेणे, आणि मधल्या काळात साखर उतरल्याची चिन्हे दिसताच उपवास सोडणे, हे कुटुंबाला आधी समजावून द्यावे.

भाषेची दरी : बेळगाव, हैदराबाद, वडोदरा किंवा इंदूर येथे चिठ्ठी इंग्रजीत, औषध विक्रेता कन्नड, तेलुगू, गुजराती वा हिंदी बोलणारा आणि घरातील वृद्ध केवळ मराठी किंवा दख्खनी समजणारे, असे चित्र नित्याचे आहे. 'ओडी' म्हणजे दिवसातून एकदा, 'बीडी' म्हणजे दोनदा, 'एचएस' म्हणजे झोपताना, 'एसओएस' म्हणजे गरज पडली तरच, '१-०-१' म्हणजे सकाळी व रात्री, ही खुणांची भाषा विद्यार्थ्याने रुग्णाच्या बोलीत आणून सांगितली पाहिजे आणि रुग्णाकडून ती परत वदवून घेतली पाहिजे. औषधांची जेनेरिक नावे सुवाच्य व शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावीत, अशी तरतूद भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ साली केली होती. चिठ्ठी वाचता येत नसेल तर अंदाज न करता विचारणे हे कमीपणाचे नसून कर्तव्य आहे.

७. निरीक्षण आणि नोंद

रुग्ण प्रतिक्रिया वैद्यकीय शब्दांत सांगत नाही. तो म्हणतो, 'औषध गरम पडले', 'गोळी सोसली नाही', 'रिॲक्शन आली', 'अंगाला मानवले नाही'. हे शब्द टाकाऊ नाहीत, परंतु पुरेसेही नाहीत. 'गरम पडले' म्हणजे तोंड आले, जुलाब झाले, लघवीला जळजळ झाली की अंगावर पुरळ उठले, हे विचारून घ्यावे लागते. रुग्णाचे शब्द जसेच्या तसे लिहून त्याखाली नेमके लक्षण लिहिण्याची सवय विद्यार्थ्यांना लावावी.

निरीक्षणाचे पाच प्रश्न पुढीलप्रमाणे सांगता येतील : काय झाले? केव्हा सुरू झाले? त्यापूर्वी कोणती औषधे चालू होती? औषध थांबवल्यावर वा मात्रा कमी केल्यावर लक्षण ओसरले का? असे पूर्वी कधी झाले होते का? तिसऱ्या प्रश्नात दुकानातून चिठ्ठीविना आणलेल्या गोळ्या, आयुर्वेदिक व युनानी औषधे, घरगुती काढे आणि डोळ्यांचे थेंबही मोजावेत. चौथ्या प्रश्नाबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. खात्री करून पाहण्यासाठी तेच औषध घरी पुन्हा देऊन पाहू नये. तसेच अपस्माराची औषधे, स्टेरॉइड आणि हृदयविकाराची काही औषधे एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते. म्हणून पुढील मात्रेपूर्वी डॉक्टरांना विचारणे हा सर्वसाधारण नियम मानावा.

काही चिन्हे मात्र थांबू देत नाहीत. ओठ, जीभ वा चेहरा सुजणे, श्वास लागणे, तापासह पुरळ, तोंडात व डोळ्यांत फोड, कातडी सुटणे, डोळे पिवळे होणे, रक्तस्राव किंवा काळे चिकट शौचास, एकाएकी भ्रम वा बेशुद्धी, लघवी अत्यंत कमी होणे ही ती होत. अशा वेळी रुग्णाला चालू औषधांच्या सर्व पाकिटांसह तत्काळ रुग्णालयात न्यावे.

नोंदीसाठी किमान चार गोष्टी लागतात : रुग्णाची ओळख पटेल इतकी माहिती, संशयित औषध, झालेली प्रतिक्रिया आणि नोंद करणारी व्यक्ती. रुग्णाचे पूर्ण नाव देण्याची गरज नसते, आद्याक्षरे पुरतात, आणि माहिती गोपनीय ठेवली जाते. औषधाचे पाकीट जपून ठेवले असल्यास बॅच क्रमांक व मुदतही लिहिता येते. मृत्यू, जिवाला धोका, रुग्णालयात दाखल करावे लागणे वा मुक्काम लांबणे, अपंगत्व किंवा जन्मजात व्यंग यांपैकी काही घडले असेल तर प्रतिक्रिया गंभीर समजली जाते. डॉक्टर, परिचारिका व औषधनिर्माते यांच्याप्रमाणेच रुग्ण किंवा त्याचे नातेवाईकही नोंद करू शकतात. त्यांच्यासाठीचा स्वतंत्र फॉर्म मराठीसह अनेक भारतीय भाषांत आहे. नोंद जवळच्या निरीक्षण केंद्रात देता येते, किंवा १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कामाच्या दिवशी कार्यालयीन वेळेत सांगता येते.

नोंद करणाऱ्याने कार्यकारणभाव सिद्ध करण्याची अपेक्षा नसते, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे. संशय पुरेसा आहे. तो 'निश्चित', 'संभवनीय', 'शक्य' की 'असंभाव्य' हे ठरवण्यासाठी तज्ज्ञांकडे जागतिक आरोग्य संघटनेची वर्गवारी आणि १९८१ पासून वापरात असलेली दहा प्रश्नांची नारान्जो मोजपट्टी आहे. नोंद केल्याने डॉक्टर, कर्मचारी वा उत्पादक दोषी आहेत अशी कबुली दिली असा अर्थ होत नाही, असे फॉर्मवरच स्पष्ट केलेले आहे.

८. अध्यापनासाठी काही उपक्रम

(१) औषधांची थैली : प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील वा शेजारातील एका वृद्ध व्यक्तीची, तिच्या संमतीने, सर्व औषधे पाहून यादी करावी. औषधाचे जेनेरिक नाव, कशासाठी, किती, केव्हा आणि मुदत असे पाच रकाने पुरेत. एकच औषध दोन वेगळ्या नावांनी चालू असल्याचे अशा यादीतून उघड होऊ शकते. यादी व्यक्तीला परत द्यावी आणि डॉक्टरांना दाखवण्यास सांगावे. विद्यार्थ्याने स्वतः बदल सुचवू नये.

(२) पाकीटवाचन : रिकामी पाकिटे वर्गात आणून मुदत, बॅच क्रमांक, तीव्रता, उभी लाल रेघ आणि साठवणुकीची सूचना शोधण्यास सांगावे. लाल रेघ असलेले औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीविना घेऊ नये, हा तिचा अर्थ आहे.

(३) सिरिंजचे गणित : रंगीत पाणी भरून ४० व १०० च्या सिरिंजमधील फरक प्रत्यक्ष मोजून घ्यावा. कागदावर सांगितलेले विसरले जाते. हाताने मोजलेले राहते.

(४) नोंदलेखन : काल्पनिक रुग्णाची हकीगत बोलीभाषेत सांगून विद्यार्थ्यांकडून फॉर्म भरून घ्यावा. गुण देताना निदानाला गुण देऊ नयेत. तारखा, औषधांची पूर्ण यादी आणि लक्षणाचे नेमके वर्णन यांना द्यावेत.

(५) दिनविशेष : १७ सप्टेंबर हा जागतिक रुग्णसुरक्षा दिन आहे, २०२२ साली त्याचा विषय औषध-सुरक्षितता हाच होता. भारतात २०२१ पासून १७ ते २३ सप्टेंबर हा राष्ट्रीय औषधसतर्कता सप्ताह म्हणून पाळला जातो. या आठवड्यात जवळच्या निरीक्षण केंद्राला भेट किंवा तेथील तज्ज्ञांचे व्याख्यान आयोजित करता येईल.

९. समारोप

औषधाविना आजची रुग्णसेवा शक्य नाही, आणि पूर्णपणे निर्धोक असे कोणतेही औषध नाही. त्यामुळे औषधांची भीती घालणे हा या अध्यापनाचा हेतू असू नये. भीतीने क्षयरोगी गोळ्या सोडतो आणि मधुमेही इन्सुलिन टाळतो. त्याने होणारा अपाय प्रतिक्रियेहून मोठा असतो. हेतू हा, की औषध देणाऱ्या हाताने लेबल वाचावे, रुग्णाजवळच्या डोळ्यांनी बदल टिपावा आणि जे टिपले ते योग्य ठिकाणी सांगावे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली टाळता येण्याजोगा गंभीर औषधअपाय पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याचे आवाहन केले होते. अशी उद्दिष्टे जिनिव्हात वा दिल्लीत ठरतात, पण ती रुग्णाच्या खाटेजवळच साध्य होतात. त्या खाटेजवळ बसणाऱ्या माणसाला काय विचारावे आणि कोणाला सांगावे हे शिकवणे कम्युनिटी कॉलेजच्या शिक्षकाला सहज शक्य आहे. त्यासाठी नवी प्रयोगशाळा लागत नाही. चालू अभ्यासक्रमातील सहा-आठ तासिका आणि विद्यार्थ्यांनी घरून आणलेली रिकामी पाकिटे एवढ्या सामग्रीवर आरंभ करता येईल.